निरोपाची व्यवस्था

सरकारी कचेरीतील अंमलदार बदलून गेला किंवा पेढीवरचा जुना मुनीम वयोमानाने घरी बसला, तर चार दिवस कामाचा खोळंबा होतो, नवा माणूस रुजू होतो आणि कारभार पूर्ववत चालू लागतो; अशा ठिकाणी माणसाचे जाणे ही एक प्रासंगिक घटना असते. तरुणांनी स्वेच्छेने चालविलेल्या सेवासंस्थांची गोष्ट मुळातच निराळी आहे. ज्या तारुण्याच्या बळावर ती संस्था उभी असते ते तारुण्यच मुदतीचे असते. आणि दहावीची परीक्षा, महाविद्यालयातील प्रवेश, पहिली नोकरी, लग्न, वडिलांची बदली यांपैकी कोणते ना कोणते निमित्त आलेल्या प्रत्येकाला आज ना उद्या तेथून उचलून नेणार, हे त्याच्या पहिल्या दिवसापासूनच ठरलेले असते. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांनिशी जी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तिच्या रचनेतच ही गोष्ट गृहीत धरलेली आहे. तेथे स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तासांची सेवा द्यावी आणि बाजूला व्हावे अशी अपेक्षा असते; म्हणजे एकक शंभर जणांचे असेल, तर त्यातील निम्मी मुले दर उन्हाळ्यात निघून जातात, आणि दत्तक घेतलेल्या गावातील बंधाऱ्याचे किंवा शोषखड्ड्यांचे उरलेले काम ज्यांनी ते गाव पूर्वी कधी पाहिलेले नाही अशा मुलांच्या हाती येते.

हे सर्व ठाऊक असूनही दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत आपल्या युवक मंडळांत, स्काऊट-गाईड पथकांत आणि सेवा दलांच्या शाखांत जो गोंधळ उडतो तो पाहिला म्हणजे वाटते की, माणसे जातात ही वार्ता आपल्या संस्थांना अद्याप कोणी कळविलेलीच नाही. प्रमुख गेला की हार, शाल, श्रीफळ आणि भाषणे होतात. सभासद गेला तर तेही होत नाही, तो फक्त येईनासा होतो आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे काही महिने फुल्या पडून अखेरीस ते नाव गळते. युवकसंस्थेची योग्यता तिने किती शिबिरे भरविली किंवा किती झाडे लावली यांवरून आपण ठरवितो. माझ्या मते तिच्यातून जाणारा प्रमुख मागे काय सुपूर्द करून गेला आणि गाव सोडणाऱ्या मुलाच्या हाती तिने काय दिले, याची चौकशी त्याआधी व्हावयास हवी.

एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पाहिलेली एक लोखंडी पेटी या संदर्भात नेहमी डोळ्यांसमोर येते. तेथे अनेक वर्षे एका गुरुजींनी स्काऊटचे उत्तम पथक चालविले होते. त्यांची बदली झाली, ते दुसऱ्या तालुक्यात रुजू झाले, आणि पेटीची किल्ली त्यांच्याच जुडग्यात राहून गेली. पुढे कधी तरी कुलूप तोडण्यात आले, तेव्हा आत गाठी शिकविण्याचे दोर, कडेने विरलेला ध्वज, हिरवा डाग चढलेले बिगूल, तंबूच्या खुंट्या, प्रथमोपचाराच्या त्रिकोणी पट्ट्या आणि एक जाड नोंदवही निघाली. नोंदवहीचे शेवटचे पान एका पदभ्रमणाचे होते; कोणत्या ओढ्याचे पाणी पिण्याजोगे आहे, कोणत्या वाडीतील पाटलांनी मुलांना रात्री ओसरीवर जागा दिली, हे सारे गुरुजींच्या वळणदार अक्षरांत लिहिलेले होते, आणि त्यापुढची पाने कोरी होती. नव्या गुरुजींनी स्काऊटचे प्रशिक्षण घेतलेले नव्हते; शालेय पोषण आहाराची नोंदवही आणि अन्य दहा कामे यांबरोबरच पथकही त्यांच्या नावावर चढले होते, त्यामुळे त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. मला अधिक खटकली ती दुसरीच गोष्ट. सातवीच्या वर्गात चार मुले अशी होती की ज्यांना त्या पेटीतील प्रत्येक वस्तूचा उपयोग ठाऊक होता, ज्यांनी त्या ओढ्याचे पाणी प्यायले होते, आणि त्या मुलांना कोणी काही विचारले नव्हते.

स्काऊट चळवळीच्या मूळ कल्पनेशी ही गोष्ट किती विसंगत आहे! १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउन्सी बेटावर चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी जे पहिले प्रायोगिक शिबिर भरविले, त्यात सुमारे वीस मुलांचे चार संघ पाडले होते आणि प्रत्येक संघाचा नायक त्या मुलांतलाच एक होता. प्रौढ मनुष्याने संघनायकांना शिकवावे आणि संघनायकांनी आपल्या संघाला चालवावे, ही पद्धत रोलंड फिलिप्स नावाच्या तरुण कार्यकर्त्याने १९१४ मध्ये एका छोट्या पुस्तकात सविस्तर मांडली. दोनच वर्षांनी, १९१६ च्या जुलैत, सॉमच्या रणक्षेत्रावर वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो मारला गेला. महायुद्धाच्या त्या काळात इंग्लंडमधील प्रौढ पथकप्रमुख एकामागून एक सैन्यात दाखल होत होते, आणि कित्येक गावांतील पथके चौदा-पंधरा वर्षांच्या संघनायकांनीच चालू ठेवली. संघपद्धती ही मुलांना जबाबदारी शिकविण्याची एक शैक्षणिक युक्ती आहे असे सामान्यतः समजले जाते. पण प्रमुख एकाएकी नाहीसा झाला तरी पथक उभे राहावे हा तिचा लाभ त्या वर्षांत जितका स्पष्ट दिसला तितका तत्पूर्वी दिसला नसेल. आपल्या शाळांत बदल्यांचा हुकूम निघाल्यावर तोच प्रसंग शांततेच्या काळात येतो, आणि आपण मात्र संघनायकाकडून शिट्टी वाजविण्यापलीकडे काही करून घेतलेले नसते.

या चळवळीतील लहान मुलांच्या म्हणजे कब विभागात पथकप्रमुखाला ‘अकेला’ म्हणण्याची प्रथा आहे. हे नाव रडयर्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधून आले; मुंबईत १८६५ साली जन्मलेल्या या लेखकाने आपली लांडग्यांची टोळी वसविली ती नागपूरच्या उत्तरेस असलेल्या सिवनीच्या डोंगराळ मुलखात. त्या कथेतील अकेला हा टोळीचा पुढारी म्हातारा होतो, त्याची झेप चुकते, आणि शेरखान नावाच्या वाघाच्या नादी लागलेले तरुण लांडगे त्याला पदच्युत करतात. पुढे टोळीचे काय झाले हा भाग मुलांना गोष्ट सांगताना बहुधा घाईने उरकला जातो. तिला कोणी पुढारी राहिला नाही, जो तो आपल्या मर्जीने शिकार करू लागला, कोणी सापळ्यात सापडून लंगडे झाले, कोणी निकृष्ट अन्न खाऊन खरजेने खंगले, पुष्कळ तर परतलेच नाहीत. आणि शेवटी उरलेल्यांनी पुन्हा अकेल्याचीच विनवणी केली. अकेला म्हातारा झाला यात त्याचा अपराध काहीच नव्हता. परंतु इतका न्यायी, इतका अनुभवी पुढारी असताना त्याच्या हयातीत आणि त्याच्या देखरेखीखाली दुसरा कोणी तयार झालेला असू नये, आणि त्याच्या पदच्युतीनंतर टोळीसमोर शेरखान किंवा अराजक एवढेच दोन पर्याय उरावेत, या वैगुण्याकडे पथके चालविणाऱ्यांनी अवश्य लक्ष द्यावे. कारण ज्या प्रमुखाचे नाव गावात घरोघरी झालेले असते, ज्याच्याशिवाय पथकाचे पान हलत नाही, त्याच्याच पथकाची अशी दैना होण्याचा संभव सर्वांत अधिक असतो.

आपल्याकडील एका संघटनेचा इतिहास याच्या उलट बाजूने बोलका आहे. १९४१ च्या जूनमध्ये राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी हे दलप्रमुख झाले. पुढच्याच वर्षी ‘छोडो भारत’चा वणवा पेटला, जोशी भूमिगत झाले आणि १९४३ मध्ये पकडले गेले. ज्या संघटनेचा प्रमुख उघडपणे कोणाच्या दारात उभा राहू शकत नाही, जिचे दप्तर केव्हा जप्त होईल याचा भरवसा नाही, ती संघटना एका घरातून किंवा एका वहीतून चालत असती तर पहिल्या धाडीतच संपली असती. ती संपली नाही. कारण तिचे खरे दप्तर संध्याकाळच्या मैदानावर होते, आणि खेळ घेणे, कवायत घेणे, बौद्धिक घेणे ही कामे पंधरा-सोळा वर्षांची मुले आलटून पालटून करीत होती.

मात्र, नेता जात नाही तेव्हाही संस्थेचे नुकसान होते, आणि आपल्या समाजात ही दुसरी व्याधी पहिलीपेक्षा कमी नाही. मंडळ स्थापन करणारा तरुण चाळिशी ओलांडतो, त्याची मुले त्याच मंडळात येऊ लागतात, तरी युवकांचा नेता तोच असतो. लोक प्रेमाने त्याला ‘भाऊ’ किंवा ‘दादा’ म्हणतात, सभेत त्याच्याआधी कोणी बोलत नाही, आणि पाहता पाहता सेवेच्या भावनेने घेतलेले पद वतनासारखे होऊन बसते. या व्याधीवर वयाची मर्यादा हा सर्वांत कठोर उपाय. जयप्रकाश नारायण यांनी १९७५ मध्ये छात्र युवा संघर्ष वाहिनी स्थापन केली, तेव्हा तिशी ओलांडलेल्याला सभासद म्हणून राहता येणार नाही असा तिचा दंडक होता, आणि महाराष्ट्रातील ज्या तरुणांनी त्या वाहिनीत काम केले त्यांनीही तो पाळला. या दंडकामागील शुचितेविषयी मला नितांत आदर आहे. परंतु ज्याने आपली विशी एखाद्या ध्येयाला वाहिली त्याला तिसाव्या वाढदिवशी दाराबाहेर उभे केले, तर त्याने पुढे कोठे जावे हा प्रश्न शिल्लक राहतोच. वाहिनीतून वयामुळे बाहेर पडलेल्यांना पुढे काम चालू ठेवण्यासाठी निराळी संघटना उभारावी लागली, यातच त्या प्रश्नाची तीव्रता दिसून येते. रोटरॅक्ट मंडळांनी तर तीस वर्षांची आपली अट २०२० मध्ये काढूनच टाकली. मला तो निर्णय पटलेला नाही. वयाने मोठ्या माणसांना संस्थेत जागा असावी, पण ती पदाची जागा नसावी.

दुसऱ्या टोकाला जेसीजसारख्या संस्थांची पद्धत आहे. तेथे अध्यक्ष वर्षापुरताच असतो आणि वर्ष संपले की उतरतो. त्यामुळे अनेकांना नेतृत्वाची संधी मिळते हे निःसंशय. पण बारा महिन्यांच्या मुदतीत पहिले तीन महिने शिकण्यात आणि शेवटचे दोन निरोप घेण्यात जातात, आणि मधल्या काळात प्रत्येक अध्यक्षाला आपल्या नावाचा एखादा नवा उपक्रम हवासा वाटतो, त्यामुळे मागच्या अध्यक्षाने सुरू केलेली रात्रशाळा किंवा वाचनालय पोरके होते. माझ्या समजुतीप्रमाणे युवकसंस्थेत प्रमुखपदाची मुदत दोन वर्षांची असावी आणि त्याआधीचे एक वर्ष त्याने उपप्रमुख म्हणून मावळत्या प्रमुखाच्या शेजारी बसून घालविलेले असावे. शेजारी बसून, असे मी मुद्दाम म्हणतो. बँकेत जाताना उपप्रमुख बरोबर हवा, ग्रामपंचायतीकडे मैदानाची परवानगी मागताना तो बरोबर हवा, रागावलेल्या पालकाची समजूत घालताना तर तो हवाच हवा; कारण या तिसऱ्या कामाचे शिक्षण कोणत्याही शिबिरात मिळत नाही.

आता सुपूर्द करावयाच्या गोष्टींकडे वळू. गावच्या तलाठ्याची बदली झाली तर चार्ज यादी होते, नकाशे आणि नोंदवह्या मोजून दिल्या-घेतल्या जातात आणि दोघांच्या सह्या झाल्याखेरीज जाणारा मोकळा होत नाही. तरुणांच्या संस्थांत या शिरस्त्याची उपेक्षा होते, कारण तेथे सर्व विश्वासावर चालते. आणि विश्वासावर चालते म्हणूनच पुढे तंटे होतात. तंबू किती होते, गणपतीत वर्गणीतून उरलेली रक्कम कोठे ठेवली, ध्वनिक्षेपक कोणी उसना नेला, यांविषयी लेखी काहीच नसते, आणि नवा प्रमुख चौकशी करू लागला की जुन्याला आपल्या सचोटीवर संशय घेतल्याचे दुःख होते. यादी आधीपासून असती तर हे दुःख वाट्याला आले नसते. बँकेच्या खात्यावर जुन्या पदाधिकाऱ्यांच्याच सह्या चालू राहतात, आणि त्यांतला एक बंगळुरूला आणि दुसरा आखातात असला तर शिबिराच्या तोंडावर आपलेच पैसे आपल्याला काढता येत नाहीत. नोंदणीकृत मंडळांची अवस्था याहून बिकट असते. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे कार्यकारी मंडळात बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावयाचा असतो. पण ते काम कोणाचे, हे ठरलेले नसते, आणि कित्येक मंडळांचे कायद्याच्या दृष्टीने विश्वस्त असलेले गृहस्थ आज आजोबा झालेले असतात. मग एखादे अनुदान मंजूर होते, कागदपत्रे मागितली जातात, आणि तीन कार्यकारिणींचे राहिलेले अर्ज एकदम भरण्याची धावपळ सुरू होते. अलीकडे तर दप्तर नावाची वस्तूच उरलेली नाही. सभासदांचे क्रमांक, छायाचित्रे, हिशेब, सूचना हे सारे प्रमुखाच्या मोबाईलमध्ये असते, आणि तो समूहातून बाहेर पडला किंवा त्याचा दूरध्वनी हरवला की मंडळाचा दहा वर्षांचा इतिहास एका रात्रीत पुसला जातो.

परंतु या सर्वांहून मोलाची अशी एक वही असते, आणि ती कोणीच लिहीत नाही. अमक्या मुलाला दमा आहे, त्याला धुळीच्या वाटेने चालवू नये. अमकीचे वडील तिला पाठवायला तयार नसतात, पण तिच्या आजीला जाऊन भेटले म्हणजे परवानगी मिळते. अमका मुलगा शिबिरात रात्री घाबरतो आणि ते कोणाला कळू नये अशी त्याची इच्छा असते. अमक्याच्या घरी सहलीची वर्गणी देण्याची ऐपत नाही आणि ती आजपर्यंत कोण भरीत आले. चांगल्या प्रमुखाच्या मनात अशा शेकडो नोंदी असतात, आणि तो गेला की त्या त्याच्याबरोबर जातात. यांतील काही गोष्टी कागदावर येऊ नयेत हे मला मान्य आहे. त्या एका संध्याकाळी दाराआड बसून नव्या प्रमुखाला तोंडी सांगाव्यात, आणि ज्या लिहिण्यासारख्या असतील त्या लिहाव्यात. ज्या मुलाला नव्या प्रमुखाने पहिल्याच दिवशी सर्वांसमक्ष वर्गणीचा तगादा लावला, तो मुलगा दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि पथकाच्या अहवालात त्याची गणना ‘रस कमी झालेल्यां’त होते.

सर्व सुपूर्द झाल्यावर जुन्या प्रमुखाने एक वर्ष दूर राहावे, हे माझे मत अनेकांना निष्ठुर वाटेल. परंतु तो जवळ असला की मुले नकळत त्याच्याकडे पाहतात, आणि नव्याने दिलेल्या आज्ञेला त्याच्या चेहऱ्यावर अनुमती आहे की नाही हे शोधतात; त्याने तोंडातून एक शब्द काढला नाही तरी कारभार दोघांचा होतो. वर्षभराने त्याने अवश्य यावे, शेकोटीच्या कार्यक्रमाला यावे, नवख्यांना गाठी शिकवाव्यात, नव्या प्रमुखाने विचारले तर सल्ला द्यावा. ज्याने इतकी वर्षे दिली त्याचा हा हक्क आहे, आणि त्याला सन्मानाने बोलावणे हे नव्या प्रमुखाचे कर्तव्य आहे.

येथवर नेत्यांविषयी झाले. सभासदांच्या स्थलांतराविषयी आपल्या संस्था त्याहूनही उदासीन आहेत, आणि मला अधिक तळमळीने लिहावेसे वाटते ते याविषयी. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांसाठी महाराष्ट्रात २००५ चा कायदा आहे. एका पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षे आणि बदल्या एप्रिल-मे महिन्यांत, असा त्याचा ढोबळ आशय. बदल्या मुलांच्या सुट्टीत व्हाव्यात हा त्यातील हेतू दूरदर्शी आहे, कारण कर्मचाऱ्याबरोबर त्याचे घर हलते. त्या घरातील मुलासाठी शाळा ‘शाळा सोडल्याचा दाखला’ देते आणि तो दाखवून त्याला दुसऱ्या शाळेत त्याच्याच इयत्तेत प्रवेश मिळतो. कोणी त्याला पुन्हा बालवर्गात बसवीत नाही. त्याच मुलाने तीन वर्षे खपून स्काऊटचा द्वितीय सोपान पूर्ण केलेला असतो. नव्या गावी तो इस्त्री केलेला गणवेश घालून, गळ्यात जुन्या पथकाच्या रंगाचा स्कार्फ बांधून मैदानावर उभा राहतो, आणि त्याच्या बाहीवरील चिन्हांवर विश्वास न ठेवता त्याला प्रवेशाच्या पायरीवरील मुलांबरोबर पहिली गाठ बांधावयास बसविले जाते. पथकप्रमुखाची यात दुष्ट बुद्धी नसते. त्याच्यापाशी त्या मुलाविषयी एकही कागद नसतो इतकेच. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मित्र तुटल्याचे, घर तुटल्याचे दुःख असतेच. त्यात आपण कमावलेले काही येथे कोणी मानीत नाही ही जाणीव मिळाली की तो मुकाट्याने गणवेश घडी करून ठेवतो.

आणि याच चळवळीत हस्तांतराचा एक अतिशय हृद्य विधी आहे! कब साधारण दहा वर्षांचा झाला की त्याला स्काऊट पथकात पाठवितात. कब मुले वर्तुळ करून उभी राहतात, तो आपल्या सोबत्यांचा निरोप घेतो, अकेला त्याला हाताला धरून पथकप्रमुखाकडे नेतो, पथकप्रमुख त्याचे स्वागत करून त्याला त्याच्या नव्या संघनायकाच्या स्वाधीन करतो, आणि संघातील मुले स्काऊटच्या रीतीप्रमाणे डावा हात पुढे करून त्याला आपल्यात घेतात. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ते मूल क्षणभरही एकटे उभे राहात नाही. वयाने वर चढणाऱ्या मुलासाठी ज्यांनी इतका जिव्हाळ्याचा विधी रचला, त्यांनी गाव बदलणाऱ्या मुलासाठी निदान एक पत्र तरी का लिहू नये? कब आणि स्काऊट यांचे मैदान एकच असते, म्हणून हातात हात देता येतो; नांदेड आणि सातारा यांच्यामध्ये हात पोहोचत नाही, तेथे पत्र पोहोचेल.

मुलांहूनही अधिक गळती मुलींची होते, आणि तिची नोंद कोठेच नसते. गाईड म्हणून वाढलेली, पुढे राष्ट्रीय सेवा योजनेत गटप्रमुख झालेली, किशोरी मुलींचा वर्ग एकटीने चालविणारी एखादी तरुणी लग्न होऊन पन्नास कोसांवरच्या गावी जाते. आपण तिच्या लग्नाला जातो, आहेर देतो, आणि आपल्या हिशेबातून तिला वजा करतो. ज्या गावी ती गेली तेथे कदाचित मुलींचा वर्ग घ्यायला माणूस मिळत नसतो, आणि ही घरात आहे हे तेथील मंडळाला कळविणारे कोणी नसते. सासरच्या नव्या परिस्थितीत तिने स्वतः होऊन मंडळाचे दार ठोठवावे ही अपेक्षा गैर आहे. तेथील कार्यकर्त्या बायकांनी तिच्या घरी जावे, सासूबाईंशी चार शब्द बोलावेत, आणि आमच्याकडे तुमच्या सूनबाईंच्या गुणांची माहिती आलेली आहे असे सांगावे. अशा एका भेटीने त्या घरातील तिच्या स्थानातही फरक पडू शकतो. महाविद्यालयासाठी किंवा स्पर्धापरीक्षेसाठी विदर्भ-मराठवाड्यातून पुण्याला येणाऱ्या हजारो मुलांचेही थोडेफार असेच आहे. खोलीचे भाडे आणि खानावळीचा डबा यांच्या विवंचनेत असलेल्या त्या मुलांना आपल्या जुन्या शाखेची भावंडे याच शहरात आहेत, हे कळविणारे कोणी भेटत नाही.

यावर आक्षेप येतो तो असा की, सेवा ही उत्स्फूर्त गोष्ट आहे; याद्या, दाखले, पावत्या यांच्या जंजाळात ती अडकविली की स्वयंसेवकाचा कारकून होईल. कागदांखाली दबून गेलेल्या संस्था मीही पाहिल्या आहेत आणि त्यांच्याविषयी मला प्रेम नाही. परंतु मी ज्याची मागणी करीत आहे तो एका पानाचा मजकूर आहे: मुलाचे नाव, त्याने काय काय पूर्ण केले, त्याला काय आवडते, त्याच्याविषयी काय जपावे, आणि सोबत नव्या गावातील एका जिवंत माणसाचे नाव व दूरध्वनी. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: बाहेरून आलेल्या मुलाला त्याच्या जुन्या पायरीवर घेतले तर स्थानिक मुले रुष्ट होतात. येथे योग्यता आणि पद यांत भेद करावा. त्याने मिळविलेले सोपान, त्याची चिन्हे ही त्याची कमाई आहे आणि ती कोणी काढून घेऊ नये. संघनायकपद मात्र त्या त्या संघाच्या विश्वासाचे असते, ते त्याने नव्या संघात काही महिने राहून नव्याने मिळवावे. मुलांना हा न्याय सहज पटतो.

यात खर्चाचा प्रश्न जवळजवळ नाही. पत्र पाठविणाऱ्या पथकाने एक महिन्याच्या आत नव्या पथकाकडून पोहोच मागवावी. पोहोच आली नाही तर जिल्हा कार्यालयाला विचारावे, आणि जिल्हा कार्यालयाने अशा पत्रांची एक साधी आवक-जावक वही ठेवावी, म्हणजे वर्षअखेर किती मुले निघाली आणि त्यांपैकी किती पोहोचली हे समजेल. पहिल्या वर्षी पोहोचलेल्यांचा आकडा निराशाजनक असेल असे मी धरून चालतो. तरी ही वही येत्या मार्चअखेरच उघडावी, कारण बदल्यांचे हुकूम एप्रिलमध्ये निघू लागतात. आणि तिची सुरुवात ज्यांची लग्ने या हंगामात ठरली आहेत त्या मुलींच्या नावांनी करावी, कारण त्यांच्यासाठी शाळा सोडल्याचा दाखलासुद्धा कोणी लिहीत नाही.